दिल्लीचं क्रीडा धोरण आणि आपल्या वॉर्डातलं मैदान

जुलै 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘खेलो भारत नीती’ मंजूर केली. ऑगस्टमध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. नोव्हेंबरमध्ये 2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या. 2036 च्या ऑलिम्पिकसाठी तर भारताने ऑक्टोबर 2024 मध्येच आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीला इरादापत्र देऊन ठेवलं आहे. बातम्यांचा असा सपाटा लागल्यावर आझाद मैदानात नेटच्या मागे किट बॅगा सांभाळत बसलेल्या आईबापांना एकच प्रश्न पडतो: यातलं आमच्या पोराच्या वाट्याला काय येणार?

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर एका ओळीत देता येत नाही. ‘सरकारने खेळासाठी अमुक केलं’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यातलं ‘सरकार’ कधी दिल्लीत असतं, कधी मंत्रालयात, तर कधी आपल्याच वॉर्ड ऑफिसात. कुणाच्या हातात काय आहे हे कळलं की निम्मा गोंधळ मिटतो.

धोरण, कायदा आणि योजना

सोसायटीत राहणाऱ्यांना हे चटकन कळेल. वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव होतो, ‘यंदा गच्चीची गळती थांबवायची’. सगळे हात वर करतात, चहा-बिस्किटं होतात, सभा संपते. गळती चालूच राहते, कारण ती थांबवायला पैसा लागतो आणि तो मेंटेनन्सच्या हिशोबातून काढावा लागतो. शिवाय एखादा मेंबर ऐकतच नसेल तर त्याला वठणीवर आणायला उपविधी लागतात. ‘खेलो भारत नीती’ हा ठराव आहे. क्रीडा प्रशासन कायदा म्हणजे उपविधी. ‘खेलो इंडिया’सारख्या योजना आणि त्यांच्या नावाने अर्थसंकल्पात दरवर्षी ठेवलेली रक्कम, हा झाला हिशोब.

म्हणून धोरणात एखादं वाक्य आलं म्हणजे ते झालंच असं धरून चालू नये. त्यामागे रक्कम आहे का, आणि ते न केल्यास कुणाला जाब विचारता येतो, हे दोन प्रश्न प्रत्येक वाक्याला लावावेत.

याआधी धोरण नव्हतं का?

होतं. 1982 मध्ये दिल्लीत एशियाड झालं, त्या निमित्ताने केंद्रात क्रीडा विभाग उभा राहिला. 1984 मध्ये पहिलं राष्ट्रीय क्रीडा धोरण आलं, तेही संसदेपुढे ठेवलेला ठराव म्हणूनच. त्याच वर्षी भारतीय क्रीडा प्राधिकरण स्थापन झालं. खेळाडूंच्या तोंडी ते ‘साई’, आणि मुंबईत त्याचं केंद्र कांदिवलीला आहे. दुसरं धोरण 2001 चं. ते थेट 2025 पर्यंत चाललं. म्हणजे ते आलं तेव्हा शाळेत असलेली मुलं आता स्वतःच्या मुलांना मैदानावर सोडायला येतात.

महाराष्ट्राची स्वतःची धोरणंही आहेत. पहिलं 1996 चं, मग 2001, मग 2012. राज्याचं धोरण वेगळं का लागतं, ते पुढे येईलच.

नव्या धोरणात आहे काय?

धोरणाने स्वतःला पाच खांबांवर उभं केलं आहे. जागतिक स्तरावर पदकं, खेळातून अर्थव्यवस्थेला चालना, खेळातून सामाजिक विकास, खेळ ही लोकचळवळ व्हावी, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाशी खेळाची सांगड.

पहिला खांब ओळखीचा: गुणवान मुलं लवकर हेरा, चांगले प्रशिक्षक द्या, क्रीडाविज्ञान वापरा, स्पर्धा वाढवा, महासंघांचा कारभार सुधारा. दुसऱ्यात क्रीडा पर्यटन, स्टार्टअप, खाजगी कंपन्यांचा पैसा वगैरे येतं. तिसऱ्यात महिला, आदिवासी, दिव्यांग आणि दुर्बल घटकांचा सहभाग, आणि देशी खेळांना बळ. हे देशी खेळांचं कलम आपल्याकडे नुसतं शोभेचं नाही. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात एरंडेल लावलेल्या गुळगुळीत खांबावर पाच-सहा वर्षांची मुलं सरसर चढतात, आणि पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा फेब्रुवारी 2019 मध्ये याच मैदानावर झाली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात हवेतला खांब चौथा आहे, लोकचळवळीचा. शाळा, कॉलेजं आणि कामाच्या ठिकाणी तंदुरुस्तीचे निर्देशांक, सगळ्यांना क्रीडासुविधा खुल्या, सामूहिक उपक्रम, अशी त्याची भाषा आहे. ‘सगळ्यांना खुल्या’ हे शब्द लक्षात ठेवा. मुंबईत सगळं घोडं तिथेच अडतं.

पैसा किती आणि जातो कुठे?

2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात युवक कल्याण आणि क्रीडा मंत्रालयाला सुमारे 3,794 कोटी रुपये मिळाले. एकूण अर्थसंकल्प सुमारे 50.65 लाख कोटींचा. शंभर रुपयांत साडेसात पैसे पडतात. त्यातही युवक कल्याणाचा वाटा आहे, म्हणजे निव्वळ खेळाचे आणखी कमी.

यातले 1,000 कोटी ‘खेलो इंडिया’चे, 830 कोटी साईचे आणि 400 कोटी राष्ट्रीय महासंघांना मदत म्हणून. 2016-17 च्या सुमारास तीन जुन्या योजना एकत्र करून ‘खेलो इंडिया’ उभी केली गेली. युवा स्पर्धा, जिल्ह्याजिल्ह्यातली प्रशिक्षण केंद्रं, निवडलेल्या मुलांना दरमहा 10,000 रुपये हातखर्च आणि त्याशिवाय प्रशिक्षण, निवास, आहार असा तिचा पसारा आहे. युवा स्पर्धांत महाराष्ट्राने अनेकदा अव्वल क्रमांक मिळवला आहे. 2019 ला बालेवाडीत मिळवला, आणि 2025 ला बिहारमध्येही. ऑलिम्पिकच्या पायरीवर पोचलेल्यांसाठी 2014 पासून वेगळी योजना आहे, तिला सगळे ‘टॉप्स’ म्हणतात. तिच्या मुख्य यादीतल्या खेळाडूला दरमहा 50,000 रुपये मिळतात.

या योजना वाईट नाहीत. पण त्यांची दारं उघडतात ती निवड झाल्यावर. निवड होण्याआधीची सहा-सात वर्षं, म्हणजे पोरगं आठ-नऊ वर्षांचं असताना रोज संध्याकाळी कुठे पळतं, कुणाच्या नजरेखाली पळतं, हा खर्च त्यात येत नाही. तो घरचे करतात. कोचिंगची फी, बूट, ट्रेनचा पास, आणि शिकवणी बुडवल्याबद्दलची बोलणी.

कायदा कशासाठी लागला?

आपल्याकडे प्रत्येक खेळाचा कारभार एक महासंघ पाहतो. संघ तोच निवडतो, स्पर्धा तोच घेतो, आंतरराष्ट्रीय संघटनेशी बोलतोही तोच. बहुतेक महासंघ सरकारी मदत घेतात, पण ते सरकारी नाहीत. खुर्चीवरची भांडणं मग खेळाडूंच्या अंगावर येतात. 2012 च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने भारतीय ऑलिम्पिक संघटनेला निलंबित केलं, आणि 2014 ला सोचीच्या हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्‌घाटनात आपले खेळाडू तिरंग्याविना चालले. 2022 च्या ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला काही दिवस बाहेर काढलं. 2023 मध्ये कुस्तीगीर जंतरमंतरवर बसले आणि वेळेत निवडणूक झाली नाही म्हणून जागतिक कुस्ती संघटनेने आपला महासंघ निलंबित केला. घरचं उदाहरण हवं तर नोव्हेंबर 2023 आठवा. त्या एका महिन्यात महाराष्ट्र केसरी दोन झाले, एक धाराशिवला आणि एक पुण्याजवळ फुलगावला. दोन गट, दोन आखाडे, दोन गदा. खरा कोण, हा वाद पारावर अजून रंगतो.

2025 च्या कायद्याने यावर तीन यंत्रणा नेमल्या. राष्ट्रीय क्रीडा मंडळ महासंघांना मान्यता देणार आणि वेळ आली तर काढून घेणार. निवडणुकांवर देखरेखीसाठी वेगळं पॅनेल. वादांसाठी न्यायाधिकरण, आणि त्याच्या निकालावर अपील थेट सर्वोच्च न्यायालयात. महासंघाच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त 15 जण, त्यात किमान 2 नामवंत खेळाडू आणि किमान 4 महिला. वयोमर्यादा 70, आंतरराष्ट्रीय नियमांत बसलं तर 75 पर्यंत सवलत.

एक पळवाट राहिलीच. माहिती अधिकार फक्त सरकारी अनुदान घेणाऱ्या संघटनांना, आणि तोही त्या अनुदानापुरता. क्रिकेट मंडळ अनुदान घेतच नाही, म्हणून ते बाहेर. विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात तसं नव्हतं. बदल मागाहून झाला, आणि तो का झाला हे समजायला फार डोकं खाजवावं लागत नाही.

मग केंद्र थेट मैदानं का बांधत नाही?

कारण राज्यघटनेनुसार खेळ हा राज्यांचा विषय आहे. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत, 33 व्या नोंदीत, नाटक-सिनेमा आणि करमणुकीच्या सोबतीने ‘खेळ’ बसला आहे. परदेशात भारताचं नाव घेऊन उतरणाऱ्या महासंघांपुरता केंद्राचा हात पोचतो, म्हणून त्यांच्यासाठी कायदा करता आला. गावच्या तालमीपर्यंत किंवा वॉर्डातल्या मैदानापर्यंत तो पोचत नाही. खेळ समवर्ती सूचीत आणावा, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता यावेत, अशी भाषा 2001 च्या धोरणात होती. घडलं काहीच नाही.

नवं धोरण राज्यांना हुकूम देत नाही, ते स्वतःला ‘नमुना’ म्हणवतं. राज्यांनी आपापली धोरणं त्याला जुळवून घ्यावीत अशी अपेक्षा आहे, सक्ती नाही. राज्याने मनावर घेतलं तर काय होतं हे ओडिशाने दाखवलं. 2018 पासून ते राज्य भारतीय हॉकी संघांचं प्रायोजक आहे, आणि टोकियो आणि पॅरिस अशी सलग दोन ऑलिम्पिक पदकं पुरुषांच्या हॉकीत आली.

आपल्याकडचं उदाहरण स्वप्नील कुसाळेचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य. त्याला घडवलं राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीने, आणि पोटापाण्याला हात दिला रेल्वेतल्या टीसीच्या नोकरीने. दिल्लीच्या योजना पुढच्या टप्प्यावर आल्या.

मुंबईत राज्यही दूरच, इथे पालिका

राज्याच्याही खाली आणखी एक पायरी आहे, आणि मुंबईकराचा संबंध येतो तो तिच्याशी. शहरातली बहुतेक खेळाची मैदानं, उद्यानं आणि जलतरण तलाव महापालिकेच्या ताब्यात. कुठल्या भूखंडावर मैदान होणार हे ठरवणारा विकास आराखडाही पालिकाच करते आणि राज्य सरकार मंजूर करतं. आता आकडा बघा. 2025-26 चा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा होता. केंद्राच्या संपूर्ण क्रीडा मंत्रालयाच्या एकोणीस पटींहून जास्त. पालिकेला त्यातून पाणी, रस्ते, नाले, केईएम-सायनसारखी इस्पितळं सगळं चालवायचं असतं, हे खरं. तरी पैसा नाही म्हणून मैदान नाही, ही सबब इथे फारशी टिकत नाही.

कमतरता जागेची आहे. विकास आराखडा तयार होत असताना मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास असल्याचं सांगितलं गेलं. केंद्राच्याच नगररचना मार्गदर्शक तत्त्वांत 10 ते 12 चौरस मीटरची अपेक्षा आहे. सव्वा चौरस मीटर म्हणजे एक सतरंजी नीट पसरेल इतकी जागा.

आझाद मैदानात रविवारी सकाळी उभं राहिलं की हा आकडा डोळ्यांना दिसतो. वीसेक खेळपट्ट्या इतक्या खेटून की एका मॅचचा फाइन लेगवाला दुसऱ्या मॅचच्या मिडऑफला पाठ लावून उभा. चेंडू आपला की शेजारच्यांचा, हे आधी ओरडून विचारायचं आणि मग पळायचं. एका कोपऱ्यात आंदोलनांचे मंडप, आणि मेट्रो-3 च्या कामाने मैदानाचा एक भाग कित्येक वर्षं पत्र्याआड. शिवाजी पार्कला निदान आकार मोठा आहे, पण तिथेही वर्षातले 45 दिवस खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांना मुभा, आणि उरलेल्या दिवसांत लाल मातीच्या धुळीवरून रहिवासी आणि पालिका यांची जुनी जुगलबंदी.

कबड्डीचं दुखणं वेगळं. लालबाग, परळ, प्रभादेवीच्या मंडळांनी खेळाडू घडवले ते चाळींच्या मधल्या मातीत. आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. पुरुषांचं कबड्डीचं मैदान 13 मीटर बाय 10, महिलांचं 12 बाय 8. वर्गणी काढून, देणगी मागून मंडळाने मॅट आणली तरी ती पसरणार कुठे? चाळ पडली, टॉवर उठला आणि मधलं अंगण पोडियमवरचं पार्किंग झालं. मॅट गुंडाळून जिन्याखाली उभी.

मुलींचं तर विचारूच नका. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या महिला क्रिकेट संघाने विश्वचषक जिंकला. त्याआधी उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 करणारी जेमिमा रॉड्रिग्ज मुंबईची. त्यानंतर ‘आमच्या हिलाही क्रिकेट खेळायचंय’ म्हणत आईबाप मैदानावर आले तर मैदानाने त्यांना काय द्यावं? कपडे बदलायला आडोसा, पाणी असलेलं स्वच्छतागृह आणि अंधार पडल्यावर दिवे, एवढं तरी. ‘महिलांचा सहभाग वाढवणे’ हे धोरणातलं वाक्य शेवटी एका नळावर आणि एका कडीवर येऊन ठेपतं.

आरक्षण आहे म्हणजे मैदान आहे?

नाही. आणि ही गोष्ट ठळकपणे सहसा कुणी सांगत नाही, म्हणून जरा सावकाश.

विकास आराखड्यात एखादा भूखंड ‘खेळाचं मैदान’ म्हणून दाखवला जातो तेव्हा त्याला आरक्षण म्हणतात. जमीन पुष्कळदा खाजगी मालकाची असते. आरक्षणाचा अर्थ इतकाच की मालकाने तिथे दुसरं काही बांधू नये, आणि पालिकेने ती कधीतरी ताब्यात घ्यावी. ताब्यात घ्यायची तर मोबदला द्यावा लागतो. तो पैशात, किंवा टीडीआर म्हणजे दुसरीकडे जास्तीचं बांधकाम करण्याच्या हक्कात.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, 1966 मध्ये कलम 127 आहे. आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जमीन ताब्यात घेतली गेली नाही, तर मालक पालिकेला ‘घ्या नाहीतर सोडा’ अशी खरेदी सूचना देऊ शकतो. सूचनेनंतर 24 महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा घेण्याच्या दिशेने पाऊलही पडलं नाही, तर आरक्षण आपोआप रद्द. मालकाच्या बाजूने पाहिलं तर यात अन्याय नाही. कुणाची जमीन किती वर्षं अडवून ठेवायची? पण मैदानाच्या बाजूने हे घड्याळ आहे. मुंबईचा 2034 पर्यंतचा आराखडा सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. दहा वर्षं 2028 मध्ये भरतात.

सगळे 2036 कडे डोळे लावून बसलेत. मुंबईच्या पोरांच्या दृष्टीने आधी 2028 येतं, आणि लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकचंही तेच साल असलं तरी मी बोलतोय ते वॉर्डातल्या आरक्षणांबद्दल.

काही आरक्षित भूखंडांवर झोपड्या आहेत, तो गुंता आणखी अवघड. विकास नियंत्रण नियमावलीनुसार 500 चौरस मीटरहून मोठ्या अशा भूखंडावर झोपडपट्टी पुनर्वसन करता येतं, मात्र किमान 35 टक्के जागा मोकळी ठेवून. या नियमाला आव्हान देणारी याचिका वीसहून जास्त वर्षं चालली. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला आणि उरलेली जागा खरोखर लोकांना वापरता येईल हे पाहायला सांगितलं. तिथे राहणाऱ्यांना घर हवं, त्यांच्याच पोरांना मैदानही हवं. 35 टक्के जागा नकाशात एकसंध चौकोन असते, प्रत्यक्षात ती इमारतींभोवतीची पट्टी होऊ नये, एवढं तरी डोळ्यांत तेल घालून बघायला हवं.

जाता जाता आणखी एक: ‘पीजी’ म्हणजे खेळाचं मैदान आणि ‘आरजी’ म्हणजे मनोरंजन मैदान, हे दोन्ही आराखड्यात वेगळे. आरजीवर बाकं, पायवाट आणि ओपन जिम बसवून फीत कापता येते, फोटोही छान येतो. तिथे पोरांनी बॅट काढली की वॉचमन शिट्टी मारतो.

‘पदकं नकोत का मग?’

हवीत. टोकियोत 7, पॅरिसमध्ये 6. एवढ्या मोठ्या देशाला हे थोडं आहे, आणि निवडक खेळाडूंवर भरपूर खर्च केल्याशिवाय पदक येत नाही. पण त्या यादीत नावं येतात कुठून? ज्या शहरात हजार मुलं रोज पळतात, तिथे एखादी वेगळी पळणारी प्रशिक्षकाच्या नजरेत भरते. पहिला आणि चौथा खांब एकमेकांशी भांडत नाहीत, चौथ्याशिवाय पहिल्याला टेकायला जागा नाही.

‘क्रिकेटनेच बाकीचे खेळ खाल्ले’

अर्धसत्य. क्रिकेटकडे पैसा आहे तो त्याचा स्वतःचा, सरकारी तिजोरीतला नाही, त्यामुळे क्रिकेटचं कमी केलं म्हणून खो-खोचं वाढत नाही. जागेच्या बाबतीत मात्र तक्रारीत तथ्य आहे. मुंबईच्या मैदानांवर सकाळपासून खेळपट्ट्या अडवलेल्या असतात आणि धावणाऱ्याला कडेची वाट उरते. त्यावर वेळा वाटून द्यायचा तोडगा पालिकेच्या एका आदेशाने निघू शकतो.

‘शाळेत पीटीचा तास असतोच की’

वेळापत्रकात असतो. परीक्षा जवळ आली की तो गणिताच्या बाईंचा होतो. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान हवं असं लिहिलं आहे, आणि सहावी ते आठवीत शंभरहून जास्त मुलं असतील तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाला निदान अर्धवेळ निदेशक हवा असंही. हे धोरण नव्हे, कायदा आहे, म्हणजे याबाबत शाळेला जाब विचारता येतो. मुंबईत इमारतीच्या गच्चीवर प्रार्थना होणाऱ्या शाळांना मैदान कुठून आणणार, हा प्रश्न खरा. पण ज्या शाळांकडे पटांगण आहे त्यांची फाटकं संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी कुलूपबंद का असतात? रखवालदाराचा पगार आणि अपघाताचा विमा यांची तजवीज केली तर नवा चौरस फूट न घेता मैदानं वाढतील. ‘सर्वांना खुल्या सुविधा’ म्हणणाऱ्या धोरणाने शहरांना नेमक्या याच अटीवर निधी देऊ केला असता तर मी त्याला मनापासून दाद दिली असती.

‘ऑलिम्पिक आलं की सगळं होईल’

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतच, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनाच्या उद्‌घाटनाला, पंतप्रधानांनी 2036 ची मनीषा जाहीर केली होती. स्पर्धा मिळाल्या तर त्यांचं केंद्र अहमदाबाद असेल अशीच चिन्हं आहेत. स्टेडियमं तिथे उभी राहतील, आणि मोठ्या स्पर्धेच्या खर्चाचं काय होतं हे मॉन्ट्रियलला विचारावं: 1976 च्या ऑलिम्पिकचं कर्ज त्यांनी 2006 पर्यंत फेडलं. मुंबईला मोठी जागा मिळालीच तर महालक्ष्मी रेसकोर्सची. तिथली 211 पैकी 120 एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी पालिकेकडे देण्याचा निर्णय राज्य सरकारने 2024 मध्ये घेतला. तिथे पोरांना बॅट काढता येईल की वॉचमन शिट्टी मारेल, हे आराखडा अंतिम होण्याआधीच विचारलेलं बरं.

घरबसल्या काय बघता येतं?

पालिकेच्या संकेतस्थळावर 2034 च्या विकास आराखड्याचे नकाशे वॉर्डनिहाय आहेत. मोकळ्या जागांच्या खुणांकडे बघा. ‘ईओएस’ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे जागा आजच मोकळी आहे. ‘आरओएस’ने सुरू होणारा म्हणजे नुसतं आरक्षण. घराभोवतीचे आरओएस भूखंड टिपून घ्या आणि एक चक्कर मारून तिथे आज काय आहे ते पाहा. गॅरेज, गोदाम, झोपड्या, डेब्रिजचा ढीग किंवा कुलूप लावलेलं फाटक, काहीही असू शकतं. मग वॉर्ड ऑफिसात किंवा माहिती अधिकाराच्या अर्जात तीन प्रश्न विचारा: हा भूखंड ताब्यात आला आहे का? नसेल तर संपादनाचा प्रस्ताव कुठे अडला आहे? मालकाकडून कलम 127 खाली खरेदी सूचना आली आहे का, आणि आली असेल तर कोणत्या तारखेला?

मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर कित्येक वर्षं पालिका प्रशासकाच्या हातात होती, तेव्हा असे प्रश्न सभागृहात कोण विचारणार, असा पेच होता. आता प्रभागातल्या नगरसेवकाला ते विचारता येतात. तिसऱ्या प्रश्नावर अर्ज करताना सूचना मिळाल्याच्या दिवसाची पोच मागायला विसरू नका. ते 24 महिने त्या तारखेपासून मोजले जातात.